आंबट नाल्यातला गेरू

बिजलीबाई पाणी आधी चाखायची, मग थुंकायची आणि मगच काही बोलायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही ती हेच करत होती.

एकोणीसशे अठ्ठावन्नचा डिसेंबर होता. ह्यांची बदली वणीच्या पुढे, वर्धा नदीच्या अलीकडच्या एका लहानशा कोळशाच्या खाणीवर झाली होती. हे सर्व्हेअर. जमिनीखाली कुठवर खणलं आणि जमिनीवर कंपनीची हद्द कुठवर, ते मोजून नकाशावर उतरवायचं, हे ह्यांचं काम. आम्हाला मिळालेल्या क्वार्टरचं मागचं दार नाल्याकडे उघडायचं. नाला तरी कसला, खाणीत झिरपलेलं पाणी पंपानं उपसून सोडून देत, त्याचाच तो ओघळ. नळाच्या तोंडाशी पाणी इतकं नितळ की ओंजळभर प्यावंसं वाटे. पण पन्नास पावलं पुढे गेलं की त्याला पिवळी झाक यायची, आणि त्याच्याही पुढे नाल्याचा सगळा तळ गंजलेल्या पत्र्यासारखा दिसे. त्यात ना बेडूक, ना शेवाळ. नवी होते म्हणून मी एकदा तिथे धुणं नेलं आणि ह्यांच्या दोन पांढऱ्या सदऱ्यांची वाट लावली.

ते सदरे हातात घेऊन मी मागच्या दारात बसले होते, तर नाल्यात एक लमाण बाई उभी. घागऱ्याचा घोळ कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत बांगड्या. तिनं दोन बोटं पाण्यात बुडवून जिभेला लावली.

"अहो बाई, पिऊ नका ते!" मी ओरडले.

"पिऊन कोन राह्यलं? चाखून राह्यली." ती बाजूला थुंकली. "आज नरम हाये. काल दातं आंबले होते."

मग माझ्या हातातल्या सदऱ्यांकडे बघून म्हणाली, "तुमी त्या नव्या मापवाल्याच्या बाई ना? त्या डागाइचं काई होत नाई आता. पुरेच पिवळे रंगवून टाका. साहेब नवरदेवावानी दिसन."

अशी आमची ओळख.

तेव्हा ती चाळिशीची असेल. तिला स्वतःला नक्की ठाऊक नव्हतं. पांढरकवड्याच्या रस्त्यावर एका चिंचेखाली आपला जन्म झाला, एवढं तिला आईनं सांगितलं होतं. कोणती चिंच ते नाही, कारण तांडा दुसऱ्या दिवशी पुढे निघाला होता. तिच्या आजेसासऱ्याच्या काळापर्यंत ही माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. आगगाडी आली, मग मोटारी आल्या आणि बैलांच्या पाठीवरचा माल उतरला. तिचा नवरा रामसिंग उरलेल्या आठ बैलांवर चुनाभट्ट्यांचा माल वाही, जिथे गाडीवाट नाही अशा गावांना.

फिरतीच्या दिवसांत तांडा कुठे उतरवायचा हे पाण्यावर ठरे, आणि पाणी चाखायचा मान तिच्या सासरच्या बायकांचा. सासूनं तिला शिकवलं होतं की पहिला थेंब जिभेच्या शेंड्यावर घ्यायचा, दुसरा कडेला, आणि तिसरा घ्यायची वेळ येऊ द्यायची नाही. रामसिंग यावर हसायचा. म्हणायचा, "आंबट पानी चाखू चाखू हिची जीभ तिखट झाली. भोगून मी राह्यलो."

मी तांड्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्या झोपडीच्या कोपऱ्यात एक दगडी उखळ पोत्यावर आडवं पडलेलं दिसलं. आमच्याकडे उखळ म्हणजे जमिनीत पुरलेलं, घराइतकंच अचल. मी विचारलं, "हे पुरलं नाहीत अजून?"

"तीन पिढ्या बैलाच्या पाठीवर फिरलं ते. बैल मरून गेले, ते नाई मेलं." तिनं उखळावरून हात फिरवला. "नाल्याच्या खालच्या अंगाले चार एकर भेटले, तवापासून मनात हाये पुराचं. पन उखळ पुरलं का मंग मानूसबी पुरला गेला. आंदी पाहू द्या, जमीन राहू देते का नाई."

जमीन राहू देत नव्हती. तांडा बसला तेव्हा खाण नव्हती. खाण चार वर्षांनी सुरू झाली आणि आंबट पाणी शेताच्या कडेनं वाहू लागलं. पावसाळ्यात नाला फुगला की ते शेतात शिरे. गुडघाभर आलेली ज्वारी पानांच्या टोकांकडून जळत यायची आणि मातीवर नारिंगी पापुद्रा धरायचा. तांड्यातली दोन घरं बिऱ्हाड उचलून नेरकडे निघून गेली होती. बिजलीबाई जायला तयार नव्हती.

तिनं या पाण्यावर काय काढलं ते सांगते. कुणी शिकवलेलं नव्हतं. नाला ओलांडताना बैलांचे खूर घसरत, म्हणून रामसिंगनं उताराच्या जागी भट्टीवरचा टाकाऊ माल आणून ओतला. अर्धवट भाजलेले चुनखडीचे दगड आणि ऊनपाऊस खाऊन निबर झालेला, कुणी फुकटही न नेणारा चुना. त्याला ही माणसं मेलेला चुना म्हणत. वाटेत जिथे जिथे घसरडं असेल तिथे भर टाकून पुढे जायचं, ही त्यांची जुनी सवय. पण महिन्याभरानं बिजलीबाईच्या जिभेला कळलं की उताराच्या वर पाणी आंबट आहे आणि उताराच्या खाली कमी आंबट. शिवाय खालच्या डबऱ्यात लोण्यासारखा मऊ, पिवळाधमक गाळ बसतोय.

तो गाळ तिनं झोपडीच्या कुडाला सारवून पाहिला. रंग छान बसला. उरलेल्या गाळाचे गोळे चुलीशेजारी वाळत ठेवले, त्यातला एक निखाऱ्यात पडला आणि बाहेर काढला तर लालबुंद! गेरू! "मले वाटलं चुलीनं रगत ओकलं," असं ती सांगायची.

तेव्हापासून तिनं नाल्याला पायऱ्या बांधल्या. भट्टीवरचे दगड रचून अकरा पायऱ्या, म्हणजे पाणी एकावरून दुसरीवर आदळत, फेसाळत उतरेल. त्याखाली पाठोपाठ तीन डबरी. पहिल्यात मेल्या चुन्याचा ढीग, दुसऱ्यात गाळ बसायचा, तिसऱ्यात नुसतं पाणी निवायचं. दगडांवर गंजाचं कवच चढलं की ते मुके होत, म्हणजे पाण्यावर त्यांचा काही असर होईनासा होई. म्हणून तांड्यातल्या बायका एक दिवसाआड ते दगड उलथून काथ्यानं घासत, आपण भांडी घासतो तसे. गाळ फडक्यातून गाळायचा, वड्या थापायच्या, वाळवायच्या. काही पिवळ्या ठेवायच्या, काही भट्टीच्या निखाऱ्यात लाल करायच्या. गाडग्यांना रंगाचा हात देण्यासाठी कुंभार त्या नेत आणि बदल्यात मडकी देत. पोळ्याच्या आधी तर बैलांच्या अंगावर ठसे उठवायला गावोगावचे लोक गेरू मागायला येत.

मी नागपूरला कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. लग्नानंतर ते ज्ञान वरणाला फोडणी देण्यापलीकडे फारसं उपयोगी पडलं नव्हतं. या पायऱ्या पाहिल्या आणि प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या आठवल्या. पाण्यात लोह विरघळलेलं असतं, म्हणून ते नितळ दिसतं. हवा लागली आणि आंबटपणा उतरला की ते गाळ होऊन खाली बसतं. मी हे बिजलीबाईला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो जी. तसंच होते."

आमच्यात तिसरा होता बळीराम. खाणीच्या पंपावर खलाशी, म्हणजे पंप चालवणारा. छप्पन साली नागपूरला जाऊन त्यानं धम्म घेतला होता आणि त्याच्या बोलण्यात एक नवा ताठ कणा होता. पंप कधी सुरू होणार, आज पाणी किती येणार, हे तो जाता-येता बिजलीबाईला सांगून जाई. एकदा तिनं तिसऱ्या डबऱ्यातलं पाणी हातावर घेऊन त्याच्यापुढे धरलं. "चाख रे, बळीराम. सांग कसं हाये."

तो म्हणाला, "आमच्या बुढ्यानं अख्खी जिंदगी गावच्या विहिरीपाशी उभं राहून काढली, मावशे. कोनी वरून ओतलं तं प्यायचं. चाखून पाहाची सवयच नाई आमाले."

"मंग आता लाव," ती म्हणाली. "मले म्हातारी झाल्यावर कोनी तं पाह्यजे."

त्यानं चाखलं, तोंड वाकडं केलं. "तुरट."

"हां! आली का नाई जीभ जाग्यावर?"

साठ सालच्या पावसाळ्यात ज्वारी पुन्हा जळली. डबरी लहान पडली, पुराच्या पाण्यानं भरून वाहिली. आणि एकसष्टच्या जानेवारीत एका संध्याकाळी हे घरी आले ते जेवायलाच बसेनात.

"काय झालं?"

"नवी आखणी करायची आहे," हे म्हणाले. "नाल्याचं पाणी शेतं खराब करतंय अशी वर तक्रार गेलीय. मॅनेजर म्हणतात, तक्रार मिटवायचा सोपा उपाय म्हणजे नाल्याकाठची पट्टीच कंपनीनं घ्यायची. बिजलीबाईची चार एकर तर जातेच, पण रेघ तांड्यातून जाते. त्यांना दहा मैलांवर जागा देणार."

"आणि रेघ तुम्ही मारणार?"

"नलू, मी नोकर माणूस आहे."

दुसऱ्या दिवशी लाल टोकाच्या खुंट्या ठोकल्या गेल्या. एक खुंटी बरोबर बिजलीबाईच्या दारासमोर आली. मी मान खाली घालूनच तिकडे गेले, तर तिनं खुंटीवर गाळ गाळायचं फडकं वाळत घातलेलं.

"बरी मजबूत ठोकली साहेबानं," ती म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. कोपऱ्यातल्या उखळाकडे बघत तिनं विचारलं, "आता बैलंबी आठाचे तीनच राह्यले. हे कोन उचलून नेईन?"

त्या रात्री मी ह्यांच्याजवळ हट्टच धरला. शेवटी हे मॅनेजरकडे गेले आणि म्हणाले, शेतापाशी पोचताना पाणी जर चांगलं असेल तर पट्टी घ्यायचं कारणच उरत नाही. एकदा येऊन पाहा. मॅनेजर परप्रांतातले, घाईचे, पण मनानं दुष्ट नव्हते. गुरुवारी सकाळी येतो म्हणाले.

आता माझी चूक सांगते. पुरात डबरी कमी पडली हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, मेल्या चुन्यात जोर नाही, म्हणून एवढे दगड घासायचे कष्ट. ताजा कळीचा चुना घातला तर एका डबऱ्यात काम होईल. पुस्तकाप्रमाणे हे बरोबरच होतं. ह्यांना सांगून कंपनीच्या बांधकामाच्या साठ्यातून ताज्या चुन्याची दोन गाडे पोती मिळवली.

बिजलीबाईनं पोत्यात हात घालून पाहिला आणि झटकला. "जिता हाये. मी जित्या चुन्याले या पान्यात कधी नाई वापरलं, बाई."

"जास्त जोरदार आहे, एवढंच. लवकर काम होईल."

तिचं सगळं त्यावर अवलंबून होतं, माझं काहीच नव्हतं. तरी ती म्हणाली, "तुमी शिकल्या हाय. टाका."

बुधवारी दुपारी आम्ही तो चुना तिन्ही डबऱ्यांत टाकला. पाणी खदखदलं, वाफा आल्या. तांड्यातल्या पोरी टाळ्या पिटत होत्या.

गुरुवारी सकाळी मी भाजीला फोडणी घालत होते, तोच मॅनेजरची जीप आल्याचं ऐकलं. तशीच धावत गेले. डबऱ्याजवळ जाऊन पाहते तर पाणी दुधाळ, आणि तळाशी पिवळ्या गाळाऐवजी हिरवट, शेणासारखा चिखल. वर कुठे कुठे तपकिरी साय. रामसिंगनं तांड्याचा मानाचा बैल आणला होता. हा बैल कामाला लावत नाहीत, आणि तो ज्या पाण्याला तोंड लावील ते पाणी तांड्याला चालतं. बैलानं तिसऱ्या डबऱ्यावर नाक नेलं, फुरफुरला आणि मान फिरवली.

मॅनेजर म्हणाले, "यह क्या है? पहले लाल था, अब हरा कर दिया?"

कुणी हसलं नाही. मी वाकून पाण्यात हात घातला. बोटांवर फोडणीची हळद होती. हात बाहेर काढला तर ती हळद कुंकवासारखी लाल झालेली. हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे आपल्यातल्या कुठल्या बाईला माहीत नाही? आंबट होतं ते पाणी मी पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं होतं.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले. मॅनेजरना कळलं की नाही, कोण जाणे.

त्यांनी ह्यांच्याकडे वळून सांगितलं, "लाइन वही रखो." मग रामसिंगकडे पाहून जरा समजुतीनं म्हणाले, "देखो भाई, तुम लोग तो घूमनेवाले हो. दस मील क्या चीज है?"

बिजलीबाई पुढे आली. "फिरनारे होतो तवा तुमची खान नोती, साहेब. जिथं उतरलो तिथं गोड पानी पाहून उतरलो. इथंबी गोडच होतं." मग आवाज उतरवून म्हणाली, "मले पाच दिवस द्या."

मॅनेजर नागपूरला निघाले होते, मंगळवारी परतणार होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, खांदे उडवले आणि म्हणाले, "मंगल को मैं वैसे भी इधर से जाऊँगा."

जीप गेल्यावर मला तिच्याकडे बघवेना. ती मात्र चिखलात बोट फिरवत होती.

"काहून रडता? जिता चुना भुकेला रायते, बाई. समोर आलं ते सगळंच खाऊन टाकते, चांगलंबी, वाईटबी. मेलेला पोटापुरतंच खाते न् थांबते." तिनं बोट पुसलं. "तुमच्या पुस्तकात जिताच असन फक्त. उठा आता. डबरे उपसाचे हायेत."

त्या पाच दिवसांत त्या नाल्यावर जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. तांड्यातल्या सगळ्या बायकांनी हिरवा चिखल घमेल्यांनी उपसून शेतापासून दूर टाकला. रामसिंग तीन बैल घेऊन भट्ट्यांवर गेला, खेपा करून मेलेला चुना आणि अर्धकच्चे दगड आणले. पायऱ्या अकराच्या एकोणीस झाल्या. तीन डबऱ्यांची पाच झाली. मी हळदीच्या पाण्यात पांढऱ्या फडक्याच्या पट्ट्या बुडवून वाळवल्या. त्या डबऱ्यात बुडवल्या आणि लाल झाल्या तर चुना फार झाला, पिवळ्याच राहिल्या तर ठीक. फडकं म्हणजे ह्यांचे तेच दोन डागाळलेले सदरे. आंबटपणा किती उरला ते मात्र हळदीला कळत नव्हतं. ते बिजलीबाईच्या जिभेलाच विचारावं लागे. तेवढ्यापुरत्या आम्ही दोघी मिळून एक शहाणी बाई झालो होतो.

शनिवारी लक्षात आलं की सकाळी पंप एकदम सुटला की पायऱ्यांवरून लोंढा येतो आणि सगळा गाळ ढवळून निघतो. पाण्याला निवायला वेळच मिळत नाही. बिजलीबाई बळीरामच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"चार घंट्याचं पानी दिवसभरात सोडता येते काय रे?"

बळीरामनं डोकं खाजवलं. "व्हॉल आर्धा उघडून मशीन दिवसभर चालवा लागीन. खालच्या टाकीत जागा हाये तेवढी. पन वरून कोनी इचारलं तं?"

"तं सांग, मावशीनं सांगतलं."

"मावशी कंपनीच्या कोन्या खात्यात लागते, तेबी सांगू का?" तो हसला. पण ह्यांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही म्हणून आमच्या दारात आला. ह्यांनी खाणीतल्या टाकीची मापं काढून पाहिली, एकदा नाही, तीनदा. मग म्हणाले, "धोका नाही. मी वहीत माझ्या नावानं लिहितो." नोकर माणसानं केलेली ती मोठीच गोष्ट होती. मी त्या दिवशी ह्यांना गोडाचा शिरा करून घातला, काही न बोलता.

रविवारी चौथ्या डबऱ्यात पिवळा गाळ दिसायला लागला. सोमवारी पाचव्यातलं पाणी नितळ होतं. बिजलीबाईनं चाखलं आणि थुंकली. "अजून कडेला लागून राह्यलं." पुन्हा सगळे दगड उलथले, पुन्हा घासले. माझ्या हातांची सालं निघाली, तेव्हा कळलं या बायकांचे हात तसे का ते.

मंगळवारी मॅनेजर दुपारी आले. जीपमधून उतरायचा त्यांचा विचार नसावा, पण तांडाच्या तांडा नाल्याकाठी उभा पाहून उतरले. पायऱ्यांवरून पाणी संथ उतरत होतं. पहिल्या डबऱ्यात केशरी, दुसऱ्यात पिवळं, आणि पुढे पुढे फिकं होत पाचव्यात तळाचा खडा दिसत होता. मी सदऱ्याची पट्टी बुडवली. पिवळी ती पिवळीच राहिली.

रामसिंगनं बैल पुढे आणला. तो उभाच. एक मिनिट, दोन मिनिटं. शेपटीनं माशा वारत राहिला. मग त्यानं मान खाली घातली आणि प्यायला. सावकाश, लांब लांब घोट घेत.

मॅनेजर म्हणाले, "जानवर प्यासा होगा."

बिजलीबाईला हिंदी नीट समजे. तिनं फक्त दोन बोटं पाण्यात बुडवली, जिभेला लावली आणि बाजूला सरून त्यांना जागा करून दिली.

आता एवढ्या माणसांसमोर ते करणार काय? मॅनेजरनी हातमोजा काढला. वाकले. बोट बुडवून जिभेच्या शेंड्याला लावलं. पुन्हा बुडवलं, कडेला लावलं. मग, देवाशपथ, बाजूला वळून थुंकले, थेट तिच्यासारखे.

"फीका है," ते म्हणाले.

"फिकंच पाह्यजे, साहेब," रामसिंग म्हणाला. "गोड तं आमच्या घरातबी नाई लागत."

हशा पिकला आणि मॅनेजरही हसले. जाताना ह्यांना म्हणाले की पट्टी घ्यायचं तूर्त राहू द्या. पावसाळ्यात पाहू, शेत टिकलं तर रेघ नाल्यापाशीच थांबेल. म्हणजे पक्कं काही नव्हतं. डबऱ्यांची जागा कंपनीचीच राहणार होती, आणि बायकांनी तिथे काम करायचं ते कंपनीच्या मेहेरबानीवर. हे मला खटकलं. बिजलीबाईला खटकलं नाही, की तिनं दाखवलं नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्या पावसाळ्यात दोनदा पूर आला. खालचं एक एकर जळालंच. वरच्या तीन एकरांत ज्वारी डोक्याएवढी झाली. पोळ्याला पंचक्रोशीतल्या बैलांच्या पाठीवर नाल्यातल्या गेरूचे ठसे होते, आणि बळीरामनं आपल्या घराची समोरची भिंत पिवळी रंगवून घेतली. "आंबट भिंत," असं त्याची बायको म्हणे.

दिवाळीच्या आधी मॅनेजरचा हुकूम आला आणि हे खुंट्या काढायला तांड्यावर गेले. मीही गेले. बिजलीबाईच्या दारातली खुंटी ह्यांनी हलवून हलवून उपटली. जमिनीत वीतभर खोल भोक राहिलं. हे पायानं माती लोटून ते बुजवणार, तेवढ्यात ती आतून ओरडली.

"थांबा जी, मापवाले! बुजवू नका!"

ती आणि रामसिंग उखळ लोटत दाराशी घेऊन आले. पोत्यावर इतकी वर्षं पडून त्याच्या एका अंगाला धुळीनं पोत्याची वीण उमटली होती.

"हे भोक थोडं मोठं करून द्या," ती ह्यांना म्हणाली. "मापून. वाकडं नाई पाह्यजे. एकदा बसलं का मंग कोन उठवते त्याले?"

ह्यांनी पिशवीतून टेप काढली. उखळाचा घेर मोजला, उंची मोजली, जमिनीवर खडूनं गोल आखला. मग ओळंबा काढला, आणि उखळासाठी ओळंबा लावणारा माणूस पाहून तांड्यातल्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. रामसिंगनं कुदळ मारली. खोदलेल्या मातीचा एक खडा बिजलीबाईनं उचलला, बोटांत चुरला आणि जिभेला लावला.

"कशी आहे?" मी विचारलं.

या वेळी ती थुंकली नाही.